वच्छलाबाईचं ग्रहण

गरोदर सुनेनं ग्रहणात भाजी चिरली, तर सासूला त्यात काय मिळतं? लोक म्हणतील, मिळणार काय, नातवंडाची काळजी. आम्ही वच्छलाबाईच्या भिंतीला भिंत लावून राहतो, म्हणून आमचा हिशोब जरा वेगळा आहे. त्या एका संध्याकाळच्या भाजीवर वच्छलाबाईनं पुढची दहा वर्षं काढली. सून तिरोड्याकडची, रीता नाव, बारावी पास. आली तेव्हा तोंडानं तेज होती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला माहेरी जाईन म्हणायची, वेगळी चूल मांडू म्हणायची, सासू एक बोलली की ही दीड बोलायची. ग्रहणानंतर ती अर्ध्यावर आली आणि पोरगं झाल्यावर शून्यावर. माहेर सुटलं, वेगळ्या चुलीचा विषय सुटला, आणि घरात पहिला शब्द कोणाचा, शेवटचा कोणाचा, हा प्रश्नच उरला नाही. दोन्ही वच्छलाबाईचे. आकाशातल्या एका घटनेतून इतकं उत्पन्न काढणारी दुसरी बाई आमच्या पाहण्यात नाही.

ग्रहण ते नव्याण्णवच्या ऑगस्टातलं. आमचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन तीन महिने झाले होते, आणि रीतालाही तिसराच सरत होता. गाव गोरेगावच्या पुढं, नागझिऱ्याच्या रानाला पाठ लावून बसलेलं. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, संपत आला होता. रेडिओनं आठ दिवस आधीपासून बजावलं होतं, पण आभाळ असं गच्च भरलेलं की सूर्य कुठं आहे तेच दिसेना, मग त्याला काय लागलं ते कुठून दिसणार. गावात ग्रहण कोणालाच दिसलं नाही. वच्छलाबाईला तेवढं दिसलं.

झालं असं, की रीताचा नवरा दुधराम त्या दिवशी रानाच्या कडेनं वास्ते घेऊन आला. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आमच्याकडं त्यांच्या भाजीसाठी माणूस पावसात दोन कोस चालतो. दुधराम म्हणाला, "आजच कर वो, उद्या कडू होतेत." रीता पावशी, म्हणजे विळी, घेऊन बसली. वच्छलाबाई धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी परत आली, तोवर अर्धे वास्ते चिरून झाले होते. ती दारातच थांबली. पावशीकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, सुनेच्या पोटाकडं पाहिलं.

"आता मी काई बोलत नाई," ती म्हणाली. आणि त्या दिवसापासून बोलत राहिली.

फेब्रुवारीत हिमांशू झाला. दूध पाजलं की नाकातून बाहेर येई. रडला की ओठ जांभळे पडत. गोंदियाच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि नागपूरला पाठवलं. तिथं कळलं की काळजाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आहे आणि फुप्फुसाकडं रक्त नेणारी वाट अरुंद आहे. पोराचं चौथं वर्ष सरता सरता छाती उघडून ते दुरुस्त केलं. पोरगा वाचला, हिंडूफिरू लागला, नाकातून बोलू लागला. छातीवर मधोमध शिवण राहिली. वच्छलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ती सदरा वर करून दाखवी आणि म्हणे, "तिकडं वास्त्याले चीर पडली, इकडं काळजाले पडली. आमी का करावं?"

रीता शिकलेली. सुरुवातीला तिनं हे मानलं नाही. पण जी गोष्ट घरात रोज कोणीतरी म्हणतं, ती खोटी आहे असं आपणही स्वतःला रोज सांगावं लागतं. आणि मग कामाच्या रगाड्यात एखाद्या दिवशी सांगायचं राहून जातं. तसं तिचं राहून गेलं. पुढं पुढं ती स्वतःच्या हातांकडं असं पाही, जसं कोणी उसन्या आणलेल्या भांड्याकडं पाहतं. दुसऱ्या लेकराचं नाव घरात कोणी काढलं नाही, आणि तिनंही काढलं नाही.

दोन हजार नऊच्या जुलैत पुन्हा मोठं ग्रहण झालं. पण घरात गरोदर कोणी नव्हतं, त्यामुळं ते वाया गेलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात हिमांशूला तपासायला नागपूरला नेलं. दरसाल न्यावंच लागे. दुधराम, रीता, आणि सोबत वच्छलाबाई. कारण ग्रहणाची हकिगत डॉक्टरला दुसऱ्या कोणी सांगावी, हे तिला पटत नसे. या वेळी नवीन डॉक्टरबाई होती. वयानं लहान, केस आखूड. वच्छलाबाईला पाहताक्षणी ती पसंत पडली नाही. डॉक्टरबाईनं पोराला नाव विचारलं, शाळा विचारली. पोरानं सांगितलं. बापाला गावचं नाव विचारलं. बापानं सांगितलं. डॉक्टरबाई पेन खाली ठेवून एकदा पोराकडं आणि एकदा बापाकडं बघू लागली.

"तुमचा आवाज पहिल्यापासून असाच?"

"हो जी," दुधराम खुशीत म्हणाला. "म्हनून तं दंडारीच्या खेळात सासूचं सोंग मलेच भेटते. मी नुसता 'सूनबाई' म्हटलं का मंडप हासते."

वच्छलाबाई हसली नाही.

"लहानपणी दूध प्यायल्यावर नाकातून यायचं का?"

याचं उत्तर दुधरामला कुठून ठाऊक असणार? पण वच्छलाबाई खुर्चीतून पुढं सरकली. हा तिचा आवडता विषय. "येत नाई तं काय! नाकातोंडातून वाहे, बाई. मले दूधच तेवढं होतं! गावातल्या बाया पाहाले येत. म्हनून तं नाव दुधराम ठेवलं."

हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकलेलं आहे. रीतानंही ऐकलेलं होतं, चुलीपाशी, बारशाला, लग्नांत. पण डॉक्टरच्या खोलीत ते ऐकताना तिनं मान वर केली. लेकाच्या नाकातून आलेलं दूध आईच्या मोठेपणात जमा; नातवाच्या नाकातून आलेलं दूध सुनेच्या नावे खर्ची. दूध तेच, नाक तेच, पान तेवढं वेगळं. इतकी वर्षं दोन्ही पानं एकाच घरात पडून होती, पण ती कोणी समोरासमोर ठेवलीच नव्हती. आम्हीही नाही, आणि आम्ही तर दिवसभर तेच करत असतो.

डॉक्टरबाईनं तिघांचं रक्त घेतलं, पोराचं, बापाचं, आईचं, आणि तपासायला मुंबईला पाठवलं. "आन माहं?" वच्छलाबाईनं विचारलं. "लागलं तर नंतर," डॉक्टरबाई म्हणाली. वच्छलाबाईला तो अपमान वाटला. पुढं तिला तो उपकार वाटणार होता.

निकाल ऐकायला दिवाळीच्या आधी जावं लागलं. वच्छलाबाई सारवणाच्या कामात अडकली होती, म्हणून नवरा-बायको आणि पोरगा, एवढेच गेले.

डॉक्टरबाईनं समजावून सांगितलं. माणसाच्या शरीराच्या कणाकणात बारीक धाग्यांच्या तेवीस जोड्या असतात. अर्धे धागे बापाकडून, अर्धे आईकडून. डोळा कुठं बसवायचा, हृदय कसं वळवायचं, टाळू कसा जोडायचा, सगळं त्या धाग्यांवर असतं. हिमांशूच्या बाविसाव्या जोडीतल्या एका धाग्याचा बारीकसा तुकडा गळालेला आहे. म्हणून हृदयात भोक राहिलं, आणि टाळूचा मागचा भाग नीट बंद होत नाही म्हणून आवाज नाकातून येतो. "आणि तोच तुकडा," ती दुधरामला म्हणाली, "तुमच्यातही गळालेला आहे. तुमच्याकडूनच त्याच्याकडं आलं. बाईंचं रक्त साफ आहे."

दुधरामनं खाली जमिनीवर पाहिलं. मग म्हणाला, "गळाला म्हंजे कोठी पडला जी?"

"पडला नाही कुठं. तुम्ही जन्मलात तेव्हापासून नाहीच तो."

"मंग माह्या काळजाले भोक काऊन नाई?"

"सगळ्यांना सारखं होत नाही. कोणाला फार होतं, कोणाला थोडं." तिनं त्याच दिवशी त्याच्या छातीचीही तपासणी करवली. हृदय ठीक होतं. फक्त त्यातून निघणारी मोठी रक्तवाहिनी डावीकडं वळायची ती उजवीकडं वळली होती. त्यानं काही बिघडत नाही, ती म्हणाली. दुधरामला एवढ्यातही बरं वाटलं. "आमचं घराचं दारही उजवीकडंच आहे," तो म्हणाला.

रीता खुर्चीत पुढं सरकली. तिनं विचारलं, "आन ग्रहण?"

डॉक्टरबाईला आधी समजलं नाही. मग रीतानं सगळं सांगितलं. पावशी, वास्ते, सासू, दहा वर्षं. डॉक्टरबाई हसली नाही, हे तिचं चांगलं. तिनं विचारलं, "त्या दिवशी कितवा महिना होता?"

"तिसरा सरत होता."

"बाळाचं हृदय दुसऱ्या महिन्यातच बनून होतं. तुम्ही भाजी चिरायला बसलात, तेव्हा ते भोक आधीच राहून गेलेलं होतं. ग्रहण उशिरा आलं, बाई."

दुधरामनं जाता जाता विचारलं, की दुसरं लेकरू झालं तर? डॉक्टरबाईनं सांगितलं, की निम्मी शक्यता. प्रत्येक वेळी निम्मी. असेल किंवा नसेल; आणि असेल तर किती असेल, ते आधी सांगता येत नाही. पण पोटात असताना तपासता येतं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये हिमांशू खिडकीशी बसून खारेमुरे खात होता. भंडारा रोड मागं पडेपर्यंत रीता बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "दहा साल."

"मी का जानून होतो वो?" दुधराम म्हणाला. "मले तं वाटे, माहा आवाजच तसा आहे. देवानं दिलेला."

"आता जानता ना?"

"जानतो."

"तं सांगा. मी सांगितलं तं म्हनतीन, सून सासूवर उलटली. तुमी सांगा."

"मायले सांगतो ना घरी गेल्यावर."

"आत्याबाईले नाई नुसतं. जेवढ्याईले त्याईनं सांगितलं, तेवढ्याईले."

दुधरामनं मनात गोरेगावापासून नागझिऱ्यापर्यंतचे सोयरेधायरे मोजून पाहिले आणि त्याला घाम आला. "मंडई होऊ दे," तो म्हणाला.

तो भोळा आहे, पण भित्राही तेवढाच. तरी घरी गेल्यावर आईला त्यानं सांगितलं. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आलं ते असं.

"कोनाले बोलला का तू हे?"

"नाई."

"तं बोलू नको. घनश्यामचं जमून राहिलं."

घनश्याम हा धाकटा. तिरोड्याला तेव्हा मोठा वीज कारखाना बांधला जात होता, त्या कामावर लागला होता. डोळ्यावर काळा चष्मा, मोटारसायकल, आणि आवाज मात्र स्वच्छ, टाळीसारखा. आमगावकडचे केशोराव आपली पोरगी अल्का हिच्यासाठी त्याला बघायला मंडईत येणार होते. भाऊबीज झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाळणे येतात, भजी तळली जातात, दंडार नाचते, घरोघरी पाहुणे उतरतात. खरा सौदा होतो तो सोयरिकींचा. मंडईत बघितलेली पोरगी माघात नवरी होते.

"माय, पन रीताचा काई दोष नाई. डॉक्टरीननं सांगितलं."

"दोष नाई तं नाई. मी कोठी तिले मारलं? पन इचार कर बे. पोरीचा बाप गिऱ्हान आयकून घेते. गिऱ्हान बाहेरचं असते, येते आन जाते. रगत आयकून तो पायरी चढन का?"

"मंग रीतानं..."

"तिले तं सवय झाली. आनखी एक लगन सोसन."

हिशोब म्हणून पाहिलं तर वच्छलाबाईचं चुकत नव्हतं. जुना बोजा जुन्याच बैलावर ठेवावा, नवा बैल बुजतो. चूक एवढीच होती, की बैल दाराआड उभा राहून ऐकत होता.

मंडईच्या दिवशी दुपारी केशोराव आले. सोबत त्यांची बहीण आणि दोन लेकरं. केशोराव म्हणजे धानाचा दाणा दातांखाली फोडून ओल किती ते सांगणारा माणूस. ओसरीत सतरंजी टाकली होती. चिवडा आला, अनरसे आले. आम्ही शेजारी म्हणून होतोच. अशा वेळी शेजारी लागतात, साक्षीला. घनश्याम चष्मा काढून बसला होता. केशोरावांनी त्याला दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, मान हलवली. काम जवळजवळ झालं होतं.

तेवढ्यात हिमांशू पाहुण्यांच्या लेकरांबरोबर पळत पळत आला. सदऱ्याची वरची बटणं उघडी. केशोरावांची नजर छातीवरच्या शिवणीवर गेली.

"पोराले हे कायचं जी?"

वच्छलाबाई तयारच होती. तिनं हकिगत सुरू केली. दहा वर्षांत ती इतकी घासूनपुसून झाली होती की त्यात कुठं हात अडकत नव्हता. भरून आलेलं आभाळ, रेडिओ, पावशीचा आवाज. रीता पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. सासू सांगत असताना तिनं दुधरामकडं पाहिलं. दुधराम कपातल्या चहाकडं पाहत होता, जणू त्यात काही पडलं आहे.

"पोरीच्या जातीले मायनं शिकवावं लागते," वच्छलाबाई शेवटाला आली. "हिच्या मायनं शिकवलं नाई. भोगलं आमच्या नातवानं."

केशोरावांची बहीण 'चक् चक्' म्हणाली. केशोराव म्हणाले, "आमची अल्का ते सगळं पाळते जी."

रीता पुढं आली. पाहुण्यांपुढं पेले ठेवले. मग एक पेला दुधरामपुढं ठेवला.  ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

दुधरामनं पेल्याकडं पाहिलं. बायकोच्या पायांकडं पाहिलं. मग पेला उचलला, मोठा घोट तोंडात घेतला, मान खाली घातली, आणि जोरानं गिळायला गेला. पाणी दोन्ही नाकपुड्यांतून भळभळ बाहेर आलं. सतरंजी भिजली, केशोरावांचं नवं धोतर भिजलं, चिवड्याच्या ताटलीत थेंब उडाले. लेकरं खिदळली. हिमांशू सगळ्यात जास्त.

"का करून राहिला बे!" वच्छलाबाई ओरडली. "पाव्हण्याईपुढं!"

दुधरामनं बाहीनं नाक पुसलं. डोळे लाल झाले होते. "हे तुमच्या आंगावर आलं, माफ करजा पाव्हणे," तो म्हणाला. "माह्या पोराचंही असंच येते. लहानपनी दूध येत होतं. माहंही येत होतं." मग आईकडं वळला. त्याचा आवाज नेहमीसारखाच नाकातला. सोंगात ज्यावर मंडप हसतो तोच. पण ओसरीत कोणी हसलं नाही. "मी पोटात होतो तवा कोनतं गिऱ्हान होतं, माय? तू काय चिरलं होतंस?"

वच्छलाबाई सतरंजीवरचं पाणी पदरानं टिपू लागली. 

मग दुधरामनं सांगितलं. त्याला जसं समजलं होतं तसं. धागे, बावीस नंबर, तुकडा. मध्येच तेवीस म्हणाला, मग सुधारलं. "आमच्या रीताचं रगत साफ आहे," हे मात्र त्यानं तीनदा म्हटलं.

केशोराव धोतर झटकत होते. ते थांबले. "म्हंजे हे घनश्याममधीही असू शकते?"

"असू शकते. नसूही शकते. तपासून घ्या, मंग लगन करा. तुमच्या पोरीनं बिचारीनं..." इथं त्याला पुढं काय म्हणायचं ते सुचेना. "माह्या बायकोसारखं होऊ नये," तो म्हणाला.

घनश्याम उठला. "दादा, तुले सोंगच करायचं होतं तं मंडईत करतास. माह्याच दिवसाले कायले?" आणि मोटारसायकल काढून निघून गेला. केशोरावांनी ताटलीतला उरलेला चिवडा शांतपणे संपवला. अन्नाशी त्यांचं भांडण नव्हतं. "विचार करू," म्हणाले, आणि बहिणीला घेऊन पाळण्याकडं निघून गेले.

ओसरी रिकामी झाल्यावर वच्छलाबाई सुनेला म्हणाली, "झालं तुह्या मनासारखं?"

"हो," रीता म्हणाली, आणि सतरंजी उचलून वाळत घातली.

आमचा अंदाज होता की सोयरीक मोडली. आमचा अंदाज चुकला. केशोराव चार दिवसांनी परत आले, एकटेच, आणि सरळ घनश्यामपाशी गेले. म्हणाले, ज्या घरात मोठा भाऊ स्वतःचं वैगुण्य नाकानं ओतून दाखवतो, त्या घरात लपवायला आणखी काही उरलं नसेल. पण रगत तपासू. घनश्याम कुरकुरला, मग गेला. त्याच्यात काही निघालं नाही. तेव्हापासून तो छाती अशी काढून चालतो, की जणू तो तुकडा त्यानं स्वतः मेहनतीनं सांभाळून ठेवला होता.

राहिला प्रश्न, दुधरामकडं हे कुठून आलं? आईकडून, बापाकडून, की कोणाकडूनच नाही, आपोआप? डॉक्टरबाईनं निरोप पाठवला होता, की आजीचं रक्त तपासता येईल. "आता म्हातारपनी माहं रगत कायले?" वच्छलाबाई म्हणाली, आणि सगळं नवऱ्याच्या नावावर टाकून मोकळी झाली. नवरा दुलीचंद, वारून पंधरा वर्षं झालेली. चांगला ठणठणीत आवाजाचा माणूस होता, पण मेलेला माणूस हरकत घेत नाही. आम्ही फक्त एवढंच पाहिलेलं आहे, की त्या घरात वच्छलाबाईनं चुलीला कधी फुंकणी लावली नाही. हवा म्हणे तोंडातून जातच नाही, नाकातून निघून जाते. ती नेहमी सुपानं वारा घालते. का, ते कोणी विचारलेलं नाही, आणि आता विचारण्यात कोणाचा फायदाही नाही.

माघात, घनश्यामच्या लग्नाची धांदल सुरू व्हायच्या आधी, रीता माहेरी गेली. सासूला विचारलं नाही, सांगितलं. दुधरामनं भावाची मोटारसायकल मागून घेतली, हिमांशूला पुढं बसवलं. वाटेत ती मागं बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकत होती, की आईला कसं सांगायचं. धागे, दुसरा महिना, ग्रहण उशिरा आलं. सगळ्या गावानं ऐकलं होतं, केशोरावांनी ऐकलं होतं, पण जिच्या शिकवण्यावर दहा वर्षं बोट ठेवलं गेलं तिनं अजून ऐकलं नव्हतं. हे सगळं आम्हाला दुधरामनं सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, नाकातून येतं.

रीताच्या आईनं, पार्वताबाईनं, लेक-जावयासाठी नव्या तांदळाचा भात केला होता. वाफ घरभर. रीताच्या वहिनीनं पानं वाढली. पार्वताबाईच्या ताटात गव्हाची पोळी होती.

"माय, तुले भात नाई?"

"मले पोटाले सोसत नाई."

वहिनीला राहवलं नाही. "कायचं सोसत नाई! दहा साल झाले, भाताच्या शिताले हात लावत नाईत. रोवणा करतेत, कापतेत, शिजवतेत, आन खातेत पोळी. आमाले सांगू देत नाईत."

ज्या मुलखात सकाळी पेज, दुपारी भात आणि रात्री भात, त्या मुलखात हे ऐकायला सोपं नाही. रीतानं घास ताटात परत ठेवला.

पार्वताबाई हसली. "तुह्या सासूचा सांगावा आला ना वो, का पोरीनं गिऱ्हानात चिरलं. मंग पोरगं निळं पडलं. मी देवाले म्हटलं, पोरीचं चुकलं, पन शिकवाचं माह्याकडं होतं. तिच्यावर नको, माह्यावर घे. पोरगं वाचलं तं भात खानार नाई." ती हिमांशूच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "घेतलं ना त्यानं माह्यावर. पाह्य कसा मोठा झाला. माह्या तोंडानं फेडलं मी तुह्या हाताचं."

म्हातारीच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, दुधराम म्हणाला. बांधावर उभं राहून भरलेलं पीक पाहणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

दुधराम बोलायला गेला. "मामी, ते गिऱ्हान नाई, ते माह्या..." रीतानं त्याच्या ताटात भात वाढला. पुन्हा वाढला. त्यानं तोंड उघडलं की वाढला, तो गप्प बसेपर्यंत.

मग आईला म्हणाली, "चुकलं होतं माय माहं. तुह्यामुळं निभलं."

आता ताळा. वच्छलाबाईचं ग्रहण गेलं, पण दुसरी सून आली आणि दोष स्मशानात जमा झाला. तिला तोटा नाही. घनश्यामला साफ रक्ताचा दाखला मिळाला, केशोरावांना पारखलेला जावई. दुधरामला बायको पुन्हा दीड बोलू लागली, यात त्याचा नफा की तोटा हे तोच जाणे. दुसऱ्या लेकराचा विचार रीतानं एकटीनं केला आणि नको म्हणाली. तो हिशोब तिचा, त्यात आम्ही पडत नाही.

भरणाऱ्या दोघी निघाल्या. पार्वताबाई कधी नसलेलं देणं अजून भरते आहे, भाताच्या मुलखात पोळी खाऊन, आनंदानं. आणि ते देणं खरं होतं असं आपल्या तोंडानं कबूल करून रीता तिला भरू देते आहे.